टिकलीखालचा दिवा

चोकाकच्या मगदुमांनी इंजिनाच्या दिव्यावर
बायकोची टिकली चिकटवली होती.
मरून, वाटाण्याएवढी.
"रात्रीचं डोळ्यात घुसतंय बघा ते," म्हणाले,
"बाकी गाडीला काय बी झालेलं न्हाई.
पेट्रोल तेवढं जरा जास्त पिती."
जरा म्हणजे लिटरला नऊ.

मी टिकली नखानं काढून स्टिअरिंगवर लावली.
खाली दिवा तसाच. पिवळा, जागा.

दस्तगीर चाचा सायलेन्सरमागं उकिडवे बसले
आणि सवयीनं नाक पुढं केलं.
उद्यमनगरात या नाकाचा दबदबा होता.
धूर हुंगून सांगायचे, कुठला प्लग मेलाय,
पेट्रोल कुणाच्या पंपावरचं,
ड्रायव्हर सकाळी चुलत्याशी भांडून आलाय का.
शेवटचं उगीच; तरी निम्म्या वेळा खरं निघायचं.

तीन वर्षांमागं तापात वास गेला तो गेलाच.
ते अजून हुंगतात. मी अजून
त्या वेळी पाने शोधत बसते.

"काय येतंय, पोरी?"
"कच्चं पेट्रोल, चाचा. डोळे चुरचुरतात."
"बरं."

स्कॅनर म्हणाला: ऑक्सिजन सेन्सर, पुढचा.
मगदुमांनी लगेच फोन काढला, भाव विचारायला.
चाचांनी हात वर केला.
"मशीन तक्रार सांगतंय, रोग न्हाई.
आधी पाइप बघ फुटलाय काय.
फटीतनं बाहेरची हवा शिरत असली
तर तो बिचारा खरं बोलतोय,
आणि आपण त्यालाच फासावर देतोय."

गार इंजिन सुरू करून मागनं चिंधी दाबली,
जोडांवर साबणाचं पाणी. एक बुडबुडा नाही.
हीटरचे ओहम ठीक. वायर उंदरानं खाल्लेली नाही.
मग इंजिन तापू दिलं, मीटर सिग्नलवर.

चांगल्या सेन्सरचा आकडा स्वस्थ बसत नाही:
पॉइंट एक, पॉइंट नऊ, पुन्हा एक,
तालमीतलं पोर बैठका मारतंय तसा.
याचा आकडा पॉइंट एकवर मांडी घालून.
ॲक्सिलरेटर दाबला. तिथंच.
हवेच्या पाइपात जरासा गॅस सोडला. तिथंच.
इंजिन पेट्रोलनं गुदमरतंय
आणि हा वर निरोप धाडतोय: उपाशी आहे, अजून वाढा.
वरचा वाढतोय. त्यानं दुसरं काय करावं,
त्याला हे एकच नाक.

"गेला," चाचा म्हणाले,
आणि मिशी पुसल्यासारखा हात फिरवला.

आटे जाम. तेल सोडलं, चहा सांगितला,
चहा संपला, पुन्हा तेल.
बावीसच्या फाकीच्या सॉकेटला अंगाचा भार दिला
तेव्हा कर्र करून सुटला.
टोकावर काजळी असेल वाटलं होतं.
पांढरी राख.

"सिलिकॉन," चाचा मगदुमांकडं न बघता म्हणाले.
"इंजिनाला कोण शिवलं हुतं?"
बराच वेळ मगदूम चपलेकडं बघत राहिले.
"मेव्हणा. वरच्या झाकणातनं ऑइल गळत हुतं.
बाथरूमच्या फरशीचं उरलं हुतं, ते भरलं."

ते सगळं खरवडून झाकणाला नवी गॅस्केट घातली.
नवा सेन्सर मात्र चाचांनी स्वतः बसवला.
"लेप आट्यांना. टोकाला थेंब नको, बोट नको."
हे मला शंभरदा सांगून झालंय.
एकशे एकाव्यांदाही मी मान हलवली.

कोड पुसून शिरोलीच्या बाजूला निघालो,
मगदूम मागं, चाचा शेजारी, काच खाली.
पंचगंगेचा पूल ओलांडला. दिवा लागला नाही.
स्कॅनरवर आकडा नाचत होता.

"गुऱ्हाळं लागली काय गं?"
"लागली."
"कसं येतंय?"
मी नाक बाहेर काढलं.
"गोड कमी, चाचा. धूरच लई. घशाला लागतोय.
चिपाडं ओली असतील."

ते जरा वेळ त्या धुराकडं बघत राहिले,
उसापलीकडं काळा, सरळ वर जाणारा.
"ओली न्हाईत," म्हणाले.
"चुलवाणाला हवा कमी पडतीया."